टिंब भरेपर्यंत

लोर्नाच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर रबराचं एक पिवळं बदक असायचं. प्रोग्रॅम लिहिताना माणूस अडला की तो बदक समोर घेतो आणि सगळा घोळ त्याला पहिल्यापासून समजावून सांगतो. बदकाला काही येत नसतं, म्हणून बारीकसारीक सगळं उलगडून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता चूक सांगणाऱ्यालाच दिसते. त्या लोकांत हे सर्रास चालतं. लोर्नाच्या टेबलावर मात्र बदक नव्हतं. "माझं घरी आहे," असं ती सांगायची.

ते बदक म्हणजे मी, तिचा नवरा. अमेरिकेतल्या डलूथ बंदराच्या धक्क्यावर बोटींत लोहखनिज भरण्यात माझा जन्म गेला. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायचो, ती समोर बसून बोलायची, मी "हं" म्हणायचो. मध्येच ती गप्प व्हायची, माझ्या डोक्यावर टपली मारायची आणि आत पळायची. म्हणजे सापडलं.

ती वारल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. बटाटे मी अजून दोघांपुरते सोलतो.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी वेन्डेलचा फोन आला. वेन्डेल ऑस्गुड तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि ती गेल्यावर तिचं काम त्याच्याकडे आलं.

"रेनो, घरी आहेस का?"

"कुठे जाणार?"

"एक बिघाड सापडत नाहीये. सगळं करून झालं. बदक हवंय."

"तुझं कुठे गेलं?"

"ते ऐकून ऐकून विटलं. कॉरीनलाही घेऊन येतोय, बिघाड तिच्याकडेच आहे. तुझ्या दाराला पायऱ्या आहेत ना? तिची खुर्ची चढली पाहिजे."

मागच्या अंगणातल्या सौनाचं, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीचं, दार मी बिजागऱ्यांतून काढलं आणि पायऱ्यांवर उतरतं टाकलं. लोर्ना गेल्यापासून तिथे शेगडी पेटलीच नव्हती, त्यामुळे दाराचं अडत नव्हतं.

कॉरीन बोलस्टाड चाळिशीची असेल, दुसऱ्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. आजारानं तिचे पाय नेले, मग हात नेले. खुर्ची ती हनुवटीनं चालवते. डाव्या गालाजवळ एका दांडीवर पिवळं गोल बटण बसवलेलं होतं, बरणीच्या झाकणाएवढं. बोलते सावकाश, पण एकही शब्द गिळत नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही बदक?"

"हो."

"मला वाटलं होतं जरा पिवळे असाल."

मी कॉफी दिली, तिच्या कपात नळी घातली, वेलदोड्याचा पाव कापला आणि बटाटे सोलायला घेतले. वेन्डेलनं तिचा कॉम्प्युटर टेबलावर मांडला.

लोर्नाचं ऑफिस जे अवजार बनवतं, त्यानं प्रोग्रॅम लिहिणारे लोक पडदे तयार करतात. बँकेचा पडदा, दवाखान्याचा पडदा. बटण उचलायचं, जागेवर ठेवायचं, ते दाबल्यावर काय व्हावं ते लिहायचं. बाकीचे हे माउस आणि कीबोर्डनं करतात. ज्याला दोन्ही धरता येत नाहीत त्यालाही ते करता यावं, एवढं एकच काम लोर्नानं कित्येक वर्षं केलं. मला ते ऐकून ठाऊक होतं. कुणाला करताना मी पाहिलं नव्हतं.

"दाखव त्याला," वेन्डेल म्हणाला.

पडद्यावर एक निळी चौकट आपोआप चालत होती, एका बटणावरून दुसऱ्यावर. हव्या त्या जागी ती पोचली की कॉरीन गालानं पिवळं बटण दाबायची. टक. चौकट मग अक्षरांवरून चालायची. टक. तिनं एक नवं बटण आणलं, मधोमध ठेवलं, त्यावर अक्षर अक्षर करून माझं नाव घातलं आणि ते दाबल्यावर पडदा हिरवा होईल असं लिहिलं. मान हलली नाही, बोट हललं नाही. फक्त गालाचं ते एवढंसं कातडं.

आमच्याकडे लिफ्ट ब्रिज उचलला जातो आणि मोठी बोट खालून आत येते, तेव्हा इथे जन्मलेली माणसंही गाडी थांबवून बघत राहतात. मी त्या बोटी आयुष्यभर भरल्या, तरी बघतो. त्या सकाळी मी तसाच उभा होतो. चाकू हातात, बटाटा हातात. माझ्या समोर एक बाई गालानं यंत्र घडवत होती, आणि तिचा रस्ता माझ्या बायकोनं या घरात बसून आखला होता. मी तेव्हा शेजारी "हं" म्हणत होतो.

"आता बघा," कॉरीन म्हणाली.

चौकट 'तपासा' या बटणावर आली. पुढचं बटण 'चालवा'. ते दाबल्याशिवाय लिहिलेलं काहीच चालत नाही. चौकट 'तपासा'वरून निघाली आणि दिसेनाशी झाली. कॉरीननं गाल दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. आम्ही वाट पाहिली. वेन्डेलनं माउसला धक्का दिला तेव्हा कुठे चौकट परत पहिल्या बटणावर उगवली.

"दर फेरीला असंच," ती म्हणाली. "नवी आवृत्ती आल्यापासून. जुनीत आता आमच्या ऑफिसचं काम उघडत नाही."

"मग ऑफिसवाले काय म्हणतात?" मी विचारलं.

"सोमवारपासून माझ्याजवळ एक माणूस बसवणार आहेत. मी सांगायचं, त्यानं दाबायचं. चांगल्या मनानं म्हणतात, म्हणून भांडताही येत नाही." तिनं नळीतून घोट घेतला. "माझ्याकडे एक गाल आहे. तोही दुसऱ्याला दिला तर मी तिथे कशाला जायचं? तसं असेल तर मी सोडणार आहे."

वेन्डेल माझ्यासमोर बसला आणि समजावू लागला. पिवळं बटण बदललं, वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. माउस काढून पाहिला, कीबोर्ड काढून पाहिला. सगळं पुसून नव्यानं बसवलं. माउसनं प्रत्येक बटण चालतं, कीबोर्डनंही चालतं, फक्त हिच्या चौकटीची वाट तुटते. मी सोलत राहिलो आणि "हं" म्हणत राहिलो. त्याला काही सापडलं नाही.

"तू त्याला तुझ्यासारखं समजून सांगतोयस," कॉरीन म्हणाली. "बाजूला हो. आणि ते मिट. बघून सांगितलं तर माझं अर्धं लक्ष त्यातच जातं."

वेन्डेलनं कॉम्प्युटर मिटला. कॉरीननं डोळे मिटले.

"रेनो, मी चौकट आहे असं समजा. मी पहिल्या बटणावर उभी आहे. उघडा. पुढे गेले. जपून ठेवा. पुढे गेले. मागे घ्या. पुन्हा करा. तपासा." ती थांबली. श्वास आत घेतला, सोडला. "चालवा. आणि परत उघडा."

"हं," मी म्हणालो.

"पुन्हा सांगते. उघडा. जपून ठेवा. मागे घ्या. पुन्हा करा. तपासा." पुन्हा थांबली. तेवढीच. "चालवा."

"मध्ये का थांबतेस?" वेन्डेलनं विचारलं.

"कुठे थांबले?"

"तपासा आणि चालवाच्या मध्ये. दोन्ही वेळा."

"तिथे थांबतातच की."

"कोण थांबतं?"

"सगळे. टिंब भरेपर्यंत."

वेन्डेलनं कप खाली ठेवला. "कुठलं टिंब?"

"करडं, बारीक. पूर्वी होतं बघ. चौकट त्यावर यायची, ते हळूहळू भरायचं, भरलं की चौकट पुढे. मला वाटायचं, मशीनला दम लागतो तिथे."

वेन्डेलनं मिटलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते मी काढलं."

"काय काढलंस?"

"नवी आवृत्ती आवरत होतो तेव्हा. माउस नेला, दाबून पाहिलं, काहीच होईना. मला वाटलं चित्रात डाग राहिलाय."

"डाग," कॉरीन म्हणाली. "लोकांच्या घरी गेलास की भिंतीवरचे स्विचपण पुसून काढतोस का रे?"

तोवर त्यानं कॉम्प्युटर उघडला होता. वाचता वाचता तो मलाच सांगत होता. त्यानं टिंबाचं चित्र पुसलं, पण चौकटीच्या वाटेवरचा थांबा तसाच राहिला. माउसवाला तिथे कधी जात नाही, कीबोर्डवाल्याची वाट वेगळी. फक्त पिवळ्या बटणाची माणसं तिथे पोचतात.

"टिंब भरलं की पुढे जा, असं लोर्नानं लिहिलंय. टिंबच नाही, तर भरणार काय? चौकट तिथेच उभी आहे, रेनो. वाट बघत."

"ते टिंब करायचं काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. त्यावर असताना दाबलं तरी काही होत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. तेवढा वेळ गालाला सुट्टी."

कॉरीननं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "पण दिवसभर मी तिथेच विसावत होते."

वेन्डेलनं टिंब परत घातलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "हिनं भरायची वेळ काय विचित्र दिलीय. दशांशाचं शेपूट लागलेला आकडा आहे. कुठून आणला कोण जाणे. आता हात घातलाच आहे तर शेपूट तोडून आकडा सरळ गोल करून टाकतो."

माझा चाकू थांबला.

एका हिवाळ्यात, मी अजून कामावर जात होतो तेव्हा, लोर्ना रोज संध्याकाळी माझ्या मागोमाग सौनात यायची. पाळी संपवून मी वरच्या बाकावर बसायचो. ती शेजारी बसायची, माझ्या पाठीवर तळवा ठेवायची, आणि दुसऱ्या हातात पाव भाजताना लावायचं घड्याळ धरायची.

"काय चाललंय?" मी विचारायचो.

"गप्प बस. नेहमीसारखा श्वास घे."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

"आता बिघडवलास. पुन्हा."

मला वाटलं, धक्क्यावरची धूळ माझ्या छातीत गेली का ते ती बघतेय. डॉक्टरनं सगळं ठीक सांगितलंय, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "छातीचं नाही रे. दमलेला माणूस एका श्वासात किती सावरतो, ते मला हवंय." मी हसलो आणि शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकलं. ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही.

"गोल करू नको," मी म्हणालो.

दोघांनी वर पाहिलं. बदक सहसा बोलत नाही.

"तो माझा श्वास आहे," मी म्हणालो, आणि त्यांना सौनातलं सांगितलं. मला नीट सांगता आलं नाही. आधी घड्याळाचं सांगितलं, मग पाठीवरच्या हाताचं, मग परत घड्याळाचं.

वेन्डेलनं कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यावर टेकत होते," कॉरीन म्हणाली. मग म्हणाली, "हे माझ्या एकटीचं नाही. आमच्यातले कितीतरी जण आहेत. ओरेगनला एक आहे, तो फक्त भुवई उचलतो."

मी बटाटे सोलून कुणासाठी ठेवत होतो तेही मला कळेना. जी माणसं मी कधी पाहिली नाहीत, ती भुवईनं, गालानं कामं करत होती आणि मध्येच माझ्या एका श्वासापुरती थांबत होती. मी जेवताना, झोपताना, दवाखान्यात लोर्नाच्या उशाशी बसलो असतानाही ते चाललं होतं.

"चालू कर," ती वेन्डेलला म्हणाली. "आणि तो माउस टेबलावरून उचल. मला दिसायला नको."

वेन्डेलनं माउस काढला आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून बटाट्याच्या सालींत ठेवला.

चौकट चालू लागली. उघडा, जपून ठेवा, मागे घ्या, पुन्हा करा, तपासा. मग ते टिंब, मसुराच्या दाण्याएवढं. ते खालून भरत भरत वर आलं आणि चौकट 'चालवा'वर गेली. टक. पडदा हिरवा झाला. मधोमध माझं नाव.

ती थांबली नाही. फेरीमागून फेरी काम करत राहिली, आम्ही दोघं तिथे आहोत हे विसरून. मधेच न बघता म्हणाली, "वेन्डेल, माझ्या ऑफिसला कळव. सोमवारी मी येतेय. माणूस बसवायचाच असेल तर कॉफी आणायला बसवा."

मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. चौकट टिंबावर आली की मी तिच्याबरोबर श्वास घेऊ लागलो. लोर्नानं मोजला तेव्हा मी धक्क्यावर काम करणारा माणूस होतो. आता माझा दम तेवढा पुरत नाही. माझा श्वास संपला तरी टिंब अजून भरत होतं.