जॅममध्ये सापडलेली राखाडी खपली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक खिडकी मनात आणा. तिचे खालचे तावदान वर सरकवायचे आणि हवे तिथे सोडून द्यायचे. हात काढला तरी ते पडत नाही. का बरे पडत नाही? आता चौकटीच्या लाकडाच्या आत डोकावा. दोन्ही बाजूंना अरुंद, पोकळ पेट्या आहेत. प्रत्येक पेटीत लोखंडाचे एक वजन लटकले आहे. दोन्ही वजने मिळून तावदानाइतकीच जड, म्हणून ते जिथल्या तिथे राहते. वजनाला एका टोकाने आणि तावदानाला दुसऱ्या टोकाने धरणारी, वर कप्पीवरून वळलेली, अशी मी एक जुनी दोरी आहे.

मी मूळची कापसाची. कुठल्या शेतातला कापूस, ते मला कुणी सांगितले नाही. गिरणीत माझे धागे विणले, मेण चोळले, आणि मी ग्लासगोच्या एका दुकानात वेटोळे घालून पडून राहिले. तिथून टलिस नावाच्या सुताराने मला उचलले. मला पेटीत उतरवायला त्याने सुतळीच्या टोकाला शिशाचा लहानसा तुकडा बांधला. सुतार त्याला उंदीर म्हणतात. उंदीर कप्पीवरून सुळकन आत शिरला, त्याच्यामागे सुतळी आणि सुतळीमागे मी! डाव्या बाजूला माझी जुळी बहीण गेली. मग टलिसने एका बोटाने तावदान वर ढकलले आणि तो स्वतःशीच हसला. ते हसू म्हणजे माझी पहिली शाबासकी.

वीस वर्षे मी सुखाने राबले. खिडकी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची होती. घरात सेंगा, तिचा नवरा डूगल आणि नऊ वर्षांची इशबेल. टलिस आता म्हातारा झाला होता आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होता. दुपारी चार वाजले की मागच्या अंगणातून हाक यायची, "आई, पाव टाक गं!" सेंगा तावदान वर करायची आणि जॅम लावलेला पाव कागदात गुंडाळून खाली टाकायची. मग चौकटीवर उशी ठेवून, कोपरे टेकून, अर्धी बाहेर वाकून खालच्या मजल्यावरच्या मिसेस गॉर्लींशी गप्पा. सगळ्या गल्लीच्या बातम्या माझ्या कानांवरून जायच्या. मला आणखी काय हवे होते?

डूगल जहाजाच्या गोदीत रंगारी होता. कॅनडाहून त्याची बहीण येणार म्हणून त्याने घर रंगवायला काढले. आमच्या गल्लीतली निम्मी स्वयंपाकघरे युद्धनौकेच्या राखाडी रंगाची होती. रंगाचा डबा कुठून आला, हे कुणी कुणाला विचारत नसे. जिन्यात टलिस त्याला म्हणाला, "डूगल, खिडकीच्या दोऱ्यांना ब्रश लावू नकोस हं."

"टलिसबाबा, अख्खी जहाजं रंगवतो मी. आता सुतळी कशी रंगवायची ते तुम्ही शिकवणार?"

"जहाजाला कप्पीवरून वाकावं लागत नाही, बाळा."

डूगल हसला आणि त्याने आम्हा दोघींना नखशिखान्त रंगवले. रंग वाळला तशी मी काठीसारखी ताठ झाले. तावदान सरकले की कप्पीवर माझे अंग तडकायचे. एके दिवशी माझी जुळी बहीण तुटली. तिचे वजन पेटीत धप्पकन पडले.

"दुसरी आहे की धडधाकट," डूगल म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू." त्याने तावदानाखाली बटाटे कुस्करायचा लाकडी दांडा टेकू म्हणून उभा केला.

मी धडधाकट नव्हते, मित्रांनो. माझे चार धागे उरले होते, आणि मला तोंड नव्हते.

त्या मंगळवारी दांडा बटाट्यांत होता. सेंगाने तावदान वर केले, पाव कागदात गुंडाळून टाकला, उशीवर कोपरे टेकले आणि मान बाहेर काढली. वर तावदान, आणि ते धरायला माझे चार धागे.

खाली इशबेलने एक घास घेतला आणि ती थांबली. लाल जॅममध्ये राखाडी रंगाची खपली होती आणि खपलीला कापसाचे तंतू चिकटले होते. तिने वर पाहिले.

"आई, आत हो! दोरी तुटतेय!"

"ए कोंबडे, मोठी माणसं बोलताना मध्ये ओरडू नये!" सेंगा म्हणाली. आमच्या शहरात लाडक्या पोरीला कोंबडीच म्हणतात. "हं, तर मिसेस गॉर्ली, मी काय म्हणत होते..."

इशबेलला कडकडून भूक लागली होती. तिने पावाकडे पाहिले, पायाशी साचलेल्या डबक्याकडे पाहिले आणि पाव त्यात सोडून दिला.

"आई! पाव डबक्यात पडला! दुसरा दे!"

"हातांना भोकं आहेत का गं तुझ्या?" सेंगा पुटपुटत आत वळली. तिने सुरी उचलली, आणि मी तुटले.

तावदान धाडकन खाली आले. काच आडवी तडकली. उशी मधोमध चेपली गेली. सेंगा तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या दिवशी दुसऱ्या पावावर दुप्पट जॅम होता.

संध्याकाळी डूगल टलिसला बोलवायला खाली गेला. टलिसच्या हत्यारांची पेटी त्यानेच तीन मजले वर आणली. टलिसने उंदीर इशबेलच्या हातात दिला आणि तिनेच तो कप्पीवरून सोडला. नव्या, पांढऱ्या दोऱ्या लागल्या. पुन्हा एका बोटाने तावदान वर गेले.

मुलांनो, माझी एवढीच विनंती आहे. जी वस्तू वाकून काम करते तिला वाकू द्या. चांगली दिसावी म्हणून तिला ताठ करू नका. आणि दोन दोऱ्यांतली एक तुटली, तर दुसरीकडेही वर मान करून बघा. माझी तक्रार नाही. वीस वर्षांत मी कुणाचे बोटसुद्धा चेंगरू दिले नाही.

टलिस मला कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात इशबेलने हात पुढे केला. माझे तडकलेले टोक मुठीत धरून ती जिना उतरली, खालच्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, "मिसेस गॉर्ली, तुमची खिडकीही राखाडीच आहे ना? मला आत येऊ द्या, दोऱ्या बघायच्यात."