सात मेचा अंक

मंजिरीने पिवळ्या झाकणाच्या रद्दीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचा गठ्ठा ओढून काढला. साप्ताहिकाचे महिनाभराचे सगळे अंक त्यात होते, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेले. प्रत्येकावर आल्डोनाबाईंचं नाव होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याच आल्डोनाबाईंना ती, वरून सांगितल्याप्रमाणे, रोज सांगत आली होती, की बाहेरून आलेला कागद काही दिवस बाजूला ठेवतात, मग देतात. नव्वदीच्या बाई समजूतदारपणे मान डोलवायच्या. मंजिरी मेलबर्नच्या ज्या वृद्धाश्रमात कामाला होती, तिथे करोना आल्यापासून बाहेरच्यांनी भेटायला येणं बंद होतं. चौदा नंबरमधले म्हातारबाबा त्यांच्याच देशाचे, पण आता ज्याने त्याने आपल्या खोलीत बसायचं होतं. भाचा दर आठवड्याला फाटकाशी लिथुआनियन साप्ताहिक ठेवून जायचा, आणि बाईंशी त्यांच्या भाषेत बोलणारं तेवढंच उरलं होतं.

नरेंद्र तिच्यासोबत युनिव्हर्सिटीत होता, आता फ्लोअर मॅनेजर झाला होता. ती गठ्ठा घेऊन सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"रिस्क आहे गं. कागदावरून व्हायरस येतो."

"आणि इंग्लिश पेपर रोज खोल्याखोल्यांतून फिरतो, तो काय आंघोळ करून येतो?"

"तो सगळे वाचतात. एकीसाठी कोण पुसत बसणार? त्यात काय लिहिलंय तेही कुणाला कळत नाही. लीव्ह इट, मंजिरी. परत असलं काही दिसलं तर तुझ्या शिफ्ट्स जातील, मग मला बोलू नकोस."

गठ्ठा त्याने तिच्या हातून घेऊन पुन्हा डब्यात टाकला, आणि वर हातांना सॅनिटायझर चोळलं.

आज सात मे. बाई सकाळपासून विचारत होत्या, कारण आजच्या अंकाची गोष्टच वेगळी. एके काळी रशियाच्या झारने त्यांची भाषा तिच्या स्वतःच्या लॅटिन अक्षरांत छापायला बंदी घातली होती, ती चाळीस वर्षं टिकली. पुस्तकं सीमेपलीकडे छापायची आणि लपवून आणायची. बाईंच्या आजीने ती घागऱ्याखाली बांधून आणली होती. बंदी उठली तो हा दिवस. मेलबर्नमधली त्यांची माणसं दरवर्षी हॉलमध्ये जमून आजचा अंक मोठ्याने वाचायची. यंदा हॉललाही कुलूप होतं.

झारला निदान आपण काय करतोय ते ठाऊक होतं. नरेंद्रला तेही ठाऊक नव्हतं, आणि मंजिरीला चीड त्याचीच जास्त येत होती.

दुपारी तिने फाटकावरून ताजा अंक उचलला. प्लास्टिक पुसून घ्यायला चहात साखर ढवळण्याइतका वेळ लागला. मग तिने अंगावरच्या पीपीई गाउनची नाडी सोडली, अंक पोटाशी धरला आणि नाडी करकचून बांधली. पॅसेजमधून जाताना तिने नरेंद्रकडे पाहिलंही नाही.

आल्डोनाबाईंनी अंक मांडीवर पसरला. पहिलं पान त्यांनी मोठ्याने वाचलं, भरल्या हॉलसमोर वाचावं तसं. मंजिरी दाराला पाठ लावून उभी राहिली. मध्येच एका ओळीवर थांबून बाईंनी घोटभर पाणी पिऊन पुन्हा तीच ओळ घेतली. पान संपल्यावर त्यांनी अंकाची चौघडी घातली, प्लास्टिकमध्ये सरकवली आणि तिच्यापुढे धरली.

"चौदा नंबर," त्या म्हणाल्या.

मंजिरीला वाटलं होतं, काम झालं. बाहेर नरेंद्र कुणाला तरी हसत काही सांगत होता, आणि चौदा नंबर त्याच्या टेबलाच्या पलीकडे होता.

"मला यातलं अक्षरही कळत नाही हो," ती म्हणाली.

"माझ्या आजीलाही कळायचं नाही. तिला वाचताच येत नव्हतं."

बाईंचा हात तसाच पुढे होता. मंजिरीने गाउनची नाडी सोडली.