भिंतीच्या पोटातला जिना

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर नानासोंनी साताऱ्याच्या पेठेतलं विटांचं जुनं दुमजली घर घेतलं आणि त्यात गाद्यांचं दुकान थाटलं. घर देखणं होतं. पातळ विटा, चुन्याचे सांधे, दोन-दोन हात जाड भिंती. अडचण एकच. वर जायचा जिना भिंतीच्या पोटातून गेला होता, आणि बांधणाऱ्यानं तो बहुधा मांजर डोळ्यांसमोर ठेवून बांधला होता.

एका सोमवारी उंब्रजच्या भामाबाई लेकीच्या लग्नासाठी गादी बघायला आल्या. नानासोंच्या बायकोनं, सुलाबाईंनी, त्यांना वर नेलं. वरची कापसाची गादी त्यांना आवडली, पण खालची फोमची डबलबेडची शेजारी ठेवून बघायची होती.

"आवं, तुमीच खाली या की," नानासो म्हणाले.

"गुडघं दुखत्यात माझं. गादीला कुठं गुडघं हायेत?"

सुभेदारांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी आणि दुकानातल्या केरूनं फोमची वळकटी दोरीनं आवळून जिन्यात घातली. नानासो पुढून ओढत होते, केरू मागून ढकलत होता. वळणावर दोरी तुटली. गादी फसकन उलगडली, जिना गच्च भरला, आणि नानासो विटेला गाल लावून भिंतीशी चिकटले.

"केरू, पीछे खेच."

"खेचतोय साहेब. येत न्हाई."

नाकासमोरच्या विटेवर चार बोटांचे ठसे होते. वीट ओली असताना कुणीतरी उचलली असणार. तो माणूस तेव्हा मोकळ्या हवेत उभा होता, याचा नानासोंना हेवा वाटला.

वर भामाबाईंनी कापसाच्या गादीवर ताणून दिली होती. खिडकीतून टोपली सोडून त्यांनी चहा मागवला. "सुभेदारांनाबी द्या," असंही सुचवलं, पण कप जाईल एवढी फट नव्हती.

शेवटी सुलाबाई कात्री घेऊन जिन्यात उतरल्या.

"कापू नगंस. डबलबेडची हाय," आतून आवाज आला.

"मग ऱ्हावा तितंच. जेवायला हाक मारते."

नानासोंनी खांद्यानं गादी एकदा रेटून पाहिली. मग म्हणाले, "काप."

फोमचे तुकडे एकेक करत वर निघाले. भामाबाईंनी ते दाबून पाहिले.

"वऱ्हाडाला टेकायला लय झ्याक. बारा लोड शिवून द्या. नि ही गादीबी बांधा."

कापसाची गादी निमूट दुमडून जिन्यातून उतरली. मागोमाग भामाबाई, मग नानासो. त्यांच्या गालावर विटेची कड अन् चुन्याची रेघ ठसठशीत उमटली होती. संध्याकाळपर्यंत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी गालाकडे बघत होतं, मग गादीकडे.