फाटका आवाज

“बाप्पा! कोणाले कापून राह्यले का हे?” माय चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटली. मी तिच्या पाठीशीच पीठ मळत बसले होते म्हणून मला ऐकू आलं. पुढच्या खोलीतल्या बंडूभाऊला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्याने टेप पूर्ण आवाजात लावला होता.

बंडूभाऊ माझा थोरला भाऊ. नालवाडीत घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं माइक सर्व्हिसचं दुकान. लग्नाबारशाला भोंगे भाड्याने द्यायचे, उरल्या वेळात रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात सेवाग्राम बघायला आलेल्या एका गोऱ्या पोरीने टेप दुरुस्तीला दिला, आणि परत नेताना आतली कॅसेट मात्र टेबलावरच राहिली.

ती लावली आणि भाऊच्या कपाळाला आठ्या पडल्या. “टेपचं हेड खराब झालं.” त्याने स्पिरिटने हेड पुसलं. आवाज फाटकाच. मग स्पीकरचा कागद बदलला. फाटकाच. शेवटी कॅसेटचे स्क्रू खोलून सगळी फीत बोटाने गुंडाळली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. ढोल उधळलेल्या बैलासारखा, गिटार आरामशीनच्या करवतीसारखी, आणि वर एक बाई कोणाशी तरी कडाकडा भांडत असलेली.

माझ्या अंगावर काटा आला. पीठ भरल्या हातांनीच मी दारात जाऊन उभी राहिले.

“भाऊ, हे बिघडलेलं नाई. हे असंच हाय.”

“मुद्दाम असं कोण गाते?”

“मी गाईन!”

भाऊ हसला. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं होतं. मी आखाडीच्या सणाला माहेरी आले होते ती परत तळेगावला नांदायला गेलेच नव्हते. का, ते घरात कोणी विचारत नव्हतं. सासरे न्यायला आले, की बाबा पंचांग काढायचे. पितृपक्ष. अमावास्या. बुधवारी लेक पाठवत नाहीत. मग पौष लागला. आणि मी उकाड्यातही कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं घालत होते, तेही कोणाला दिसत नव्हतं.

ती कॅसेट मी ऐकून ऐकून घासली. भांडी घासताना, दळण निवडताना. याला पंक म्हणतात हे दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडून कळलं. पौष सरत आला तेव्हा त्याच पोरांनी आणखी एक बातमी आणली. कॉलेजच्या गॅदरिंगला नागपूरचे तीन पोट्टे तसलंच वाजवणार होते. माइकचं काम बंडूभाऊकडे!

“वायर गुंडाळाले कोणी पाहिजे ना?” मी म्हटलं.

माय म्हणाली, “पोरीच्या जातीनं वायर गुंडाळा लागते का?” बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. “जाऊ दे,” पेपरातून आवाज आला.

पुढे मी असे पुष्कळ कार्यक्रम पाहिले, पण तो पहिला तो पहिलाच. गाणाऱ्याच्या गंजीफ्रॉकला जागोजागी पिना टोचलेल्या. आमच्याकडे तर प्रत्येक बाईच्या बांगडीत पिनांचा झुबका असतो, आम्हाला कोणी कधी पंक म्हटलं नव्हतं! पहिलाच ठोका पडला आणि मांडवाच्या कनाती हलल्या. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानात बोटं घातली. मागची पोरं आधी “बंद करा बे!” ओरडली आणि मग खुर्च्यांवर चढून नाचू लागली. अॅम्प्लिफायर तापला, तेव्हा भाऊ उपरण्याने त्याला वारा घालत बसला. मी मोठ्या स्पीकरच्या मागे उभी होते. आवाज कानात येतच नव्हता, थेट बरगड्यांत शिरत होता.

कडव्याच्या शेवटी तो पोट्टा “नो! नो!” ओरडे. माझं सातवीपर्यंतचं इंग्रजी तेवढ्याला पुरे होतं. मीही ओरडले. आधी पदराआड, मग पदर सोडून. पोटातून, टाचांतून ओरडले. स्पीकरमागे कोणालाच ऐकू जात नव्हतं, म्हणून आणखी ओरडले. घरी येताना सायकलच्या कॅरिअरवर बसून मी हसत होते आणि हसण्याचाही आवाज निघत नव्हता.

सकाळी उठले तर नरडं पार बसलेलं. आणि ओसरीवर सासरे, पुंडलिकराव, चहा पीत बसलेले.

“इवाईबुवा,” बाबांनी सुरुवात केली, “आज जरा दिवस...”

“पंचांग मी पाहूनच निंगालो,” पुंडलिकराव हसले. “पौष सरला. आज गुरुवार. दोनाची गाडी हाय. सुनबाई, कपडे भर.”

बाबांनी बंडूभाऊकडे पाहिलं. भाऊने हातातल्या पक्कडीकडे. मी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. पुन्हा उघडलं. काही नाही.

“नरडं काऊन बसलं इचं?” पुंडलिकरावांनी विचारलं.

मी पेटीकडे वळले.

तेवढ्यात माय बाहेर आली. व्याह्यासमोर ती कधी उंबऱ्याबाहेर येत नसे, आली तरी नाकापर्यंत पदर असे. आज पदर खांद्यावर होता, हात राखेने भरलेले. तिने माझा दंड धरला आणि पोलक्याची बाही जुन्या व्रणांच्या वर सरकवली.

“पुंडलिकराव,” ती म्हणाली, “तुमचा पोरगा इले मारते.”