धरून ठेवलेली जागा

मी जोसाया ऑलरेनशॉ यांची काळी, उंच टोपी बोलतेय. माझा जन्म चेशायरमधल्या त्यांच्याच कारखान्यातला, सशाच्या केसांपासून झालेला. आतलं रेशमी अस्तर मात्र मालकीणबाईंनी, केझायाबाईंनी, स्वतः शिवलं. मालक पार्लमेंटवर निवडून आले त्याच आठवड्यात.

"लंडनला चाललायस. डोकं ठिकाणावर ठेव म्हणजे झालं," दोरा तोडत त्या म्हणाल्या.

"ते तर इथंच ठेवून चाललोय, तुझ्यापाशी!"

टोप्या करणाऱ्यांचे हात, केसांना लावायच्या पाऱ्याच्या वाफेनं थरथरायचे. आपल्याच कारखान्यात ते बघून मालकांना घास गोड लागेना. त्या पाऱ्याविरुद्ध कायदा मागायला म्हणून ते धंदा पुतण्यावर सोपवून निघाले.

पार्लमेंटात माणसं जास्त, बाकं कमी. आणि बाकावर जागा नाही तर बोलणंही नाही. म्हणून सकाळीच आपली टोपी बाकावर ठेवायची. टोपी आहे म्हणजे धनी आवारातच आहे, येतोच आहे, असा तिथला रिवाज. मी तिथं एकटी बसून मालकांच्या डोक्याची ऊब आठवत राहायची.

हिवाळ्यात केझायाबाईंनी छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. 'एकदा येऊन जा,' असा निरोप आला. आणि मालकांचं भाषण दुसऱ्याच दिवशी दुपारी!

शेजारच्या बाकावरचे सर पेरेग्रिन म्हणाले, "अहो, दुसरी टोपी घाला नि आत्ताच्या गाडीनं घरी जा. उद्या दुपारपर्यंत परत या. सकाळी हिला मी बाकावर ठेवतो. निम्मे लोक तेच करतात!"

"ही केझायानं शिवलीय, साहेब. हिला खोटं बोलायला लावणार नाही मी."

काय हे खुळं इमान! बाईंसाठी मी आनंदानं खोटं बोलले असते हो.

दुसऱ्या दिवशी मालक फार छान बोलले आणि तसेच गाडीकडे धावले. घरी पोचलो तर पडदे ओढलेले होते.

"सकाळपर्यंत दाराकडेच डोळे होते त्यांचे, मग मिटले," शेजारीण म्हणाली.

मालकांनी राजकारण सोडलं. कायदा अजून व्हायचाय. माझं अस्तर विरलंय, बाईंचे टाके मात्र जागच्या जागी आहेत.

आता रोज सकाळी मालक मला चुलीजवळच्या बाईंच्या खुर्चीवर ठेवतात. कुणी पाहुणा तिथं बसायला गेला, की म्हणतात, "तिथं नको. ती जागा धरलेली आहे."

धनीण आवारातच आहे, येतेच आहे, हे खोटं मी आता रोज बोलते. मला तिथून उचलू नका.