एवढी मोठी पृथ्वी

टेंभुर्णीच्या ट्रकवाल्या रावजीशेठनं माडीवर बांबूला बांबू जोडून अँटेना उभी केली, तेव्हा कुठं पुण्याचं चित्र मुंग्यांमधून दिसायला लागलं. एकोणऐंशीच्या दिवाळीत त्यावर चंद्रावरच्या माणसांचं नाटक लागलं. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे सिद्धनाथ मास्तर बायकोला घेऊन सगळ्यांच्या पुढं बसले आणि बसल्या बसल्या नाकं मुरडू लागले.

"चंद्रावर हवा न्हाय, मग ह्या नायिकेचे केस कशानं भुरभुरतात? पंखा लावलाय, पंखा!" यानाचा स्फोट झाला तसे मास्तर आणखी भडकले. "हवा न्हाय तितं आवाज कुठनं आला? आन् एवढी मोठी पृथ्वी सोडून चंद्रावरनं परतणारं दुसरं यान नेमकं नायकाच्याच अंगणात उतरतंय! लिहिणाऱ्यानं अक्कल गहाण टाकलीय, आन् बघणारे त्याच्याहून येडे."

बघणारे हिरमुसले. विषय बदलावा म्हणून रावजीशेठनं चहाचे कप पुढं केले. "तुमच्या काळ्या शेळीच्या दुधाची सर न्हाय ह्याला, मास्तर. देती का अजून दूध?"

मास्तरांनी कप तोंडाला लावला. उत्तर त्यांच्या बायकोनं, अंबुबाईनं दिलं.

"ती आखाडातच कापली की. अमेरिकेचं ते स्कायलॅब यान आभाळातनं पडणार, समदी मरणार, मग शेळी कुणासाठी ठेवायची, म्हणाले. दुभती व्हती, मी पाया पडले, पर ऐकतंय कोण? एवढी मोठी पृथ्वी सोडून ते आमच्याच पत्र्यावर पडणार व्हतं."