स्वच्छ वर्तुळाचा फोटो

नळीतलं पाणी तांबडं झालं होतं… पुन्हा. रक्तपेशी तळाशी बसायला हव्या होत्या, वरचं पाणी नितळ राहायला हवं होतं. पण पेशी फुटल्या होत्या, सकाळी तिच्याच दंडातून काढलेल्या, आणि ही चौथी खेप. तिने नळी स्टँडमध्ये आदळली. तेवढी मात्र फुटली नाही.

बेडकाच्या कातडीतल्या एका इवल्याशा प्रथिनावरून त्यांच्या प्रयोगशाळेने नळीत घातलेलं हे नवं औषध, हे पेप्टाइड, बनवलं होतं. जंतूंच्या आवरणाला ते भोकं पाडतं, ज्यांच्यापुढे सगळ्या अँटिबायोटिक्सनी हात टेकले ते जंतूही त्याने मरतात—इथवर छान. पण जंतू कुठला आणि माणसाची पेशी कुठली, एवढी अक्कल त्याला नव्हती. सर म्हणाले, येईल दोन-तीन वर्षांत, धीर धर. धीर! उद्या सकाळी धाकट्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापणार होते, आणि सर टेबलाखाली आपले दोन्ही पाय हलवत तिला धीर शिकवत होते.

मूर्खपणा तिचाच. भावाच्या जखमेतले जंतू तिनेच मागच्या आठवड्यात बशीत वाढवले, मधोमध औषधाचा थेंब टाकला, आणि दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती उमटलेल्या स्वच्छ वर्तुळाचा फोटो—कुणी मागितला होता?—घरी पाठवला. खाली लिहिलं, 'मेले सगळे'. तेव्हापासून ते औषध आण म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं होतं आणि भावाच्या बायकोने अबोला धरला होता. तिच्या मते नणंद नोकरीला जपत होती. मी नोकरीला जपते? त्याच्यासाठी चार वेळा स्वतःचं रक्त काढून… पण सांगायचं कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी भावाचाच फोन आला.

"ताई, आण ना ते. थोडं रक्त नासलं तर नासू दे."

वरून लावून भागणार नाही, हे तिने पुन्हा समजावलं. जंतू हाडात उतरलेत, औषध रक्तातूनच द्यावं लागेल.

"मग दे की रक्तातून."

"मरशील तू."

तो न रागावता म्हणाला, "मग फोटो कशाला पाठवलास?"

ती उत्तर शोधू लागली. तुम्हाला धीर यावा म्हणून… आईसाठी… पण त्या सकाळी बशी उजेडाकडे धरून ती हसली होती, एकटीच, आणि तेव्हा भावाचा पाय तिच्या मनातही नव्हता. जमलं मला, एवढंच आलं होतं मनात. तो नंतर आठवला.

फोन कानाशीच होता, पलीकडे तो श्वास घेत होता, आणि दिवसभर याच्या-त्याच्यावर काढलेला राग आता तिच्यावरच येऊन बसला, जागचा हलेना.